आडवा बाण

काळोख्या खोलीतल्या उंच खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. नाकावर तपासणीची जड गोल चौकट, एका डोळ्यासमोर भिंग, दुसऱ्यासमोर झाकण. समोरच्या भिंतीवर उजेडाचा चौकोन आणि त्यात लहान लहान होत गेलेली अक्षरं. खुर्चीशेजारी उभं राहून त्याने भिंग बदललं आणि चष्म्याच्या ह्या दुकानात रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत विचारतो तेच विचारलं, "आता बरं दिसतंय, की मघाशी?" गृहस्थ विचारात पडले. ह्या प्रश्नाला सगळेच विचारात पडतात; आपल्याला कसं दिसतं हे सांगताना आपलं चुकेल अशी भीती माणसांना का वाटते कोण जाणे. तेवढ्या फटीत त्याची नजर सवयीने टेबलावरच्या फोनकडे गेली. फोनवर रेघ नव्हती. हिरव्या पट्ट्यातून चालत जाणारी रेघ, तिच्या टोकाशी आकडा, आकड्याशेजारी बाण, ह्यातलं काहीच नव्हतं. नुसता करडा पडदा, आणि त्यावर सभ्य भाषेत एक ओळ : ही माहिती आता तुम्हाला दिसणार नाही. "मघाशीच बरं होतं," गृहस्थ म्हणाले. "हो," तो म्हणाला, आणि काढलेलं भिंग चिमटीत धरून तसाच उभा राहिला.

रेघ त्याच्या मुलीची होती. ती दुसऱ्या शहरात कॉलेजात शिकत होती, वसतिगृहात राहत होती, आणि तिच्या दंडावर मोठ्या बटणाएवढी एक चकती चिकटवलेली असे. चकती तिच्या रक्तातली साखर मोजायची, मिनिटामिनिटाला तिच्या फोनला कळवायची, आणि तिचा फोन ह्याच्या फोनला. आकडा किती हे महत्त्वाचं, पण बाण त्याहून महत्त्वाचा. बाण वर म्हणजे साखर चढतेय, खाली म्हणजे उतरतेय, आणि आडवा म्हणजे सगळं ठीक. आडव्या बाणासारखी सुंदर गोष्ट त्याने जगात दुसरी पाहिली नव्हती. रेघेवरून त्याला सगळं कळायचं. सकाळी रेघ जराशी मान वर करायची, म्हणजे बाईसाहेब उठल्या. मग टेकडी यायची, ती न्याहारी. टेकडी उशिरा आली की समजायचं, पहिला तास बुडवलाय. दुपारी रेघ घसरायला लागली की ती जिने चढउतार करत असणार, किंवा मैत्रिणींबरोबर पायी भटकत असणार. तो मग दुकानातून निरोप पाठवायचा : बिस्किट खा. तिचं उत्तर यायचं : हवामान खात्याचे आभार. हे तिचं त्याला ठेवलेलं नाव होतं, हवामान खातं. शाळेत असतानाच ठेवलेलं. तिचं घरातलं नाव खारू, कारण अगदी लहान असताना ती दोन्ही गाल भरून घास घ्यायची आणि खारीसारखी गुपचूप बसून राहायची. दुखणं त्यानंतर आलं. दुखणं आल्यावर तिच्या गालात काय आहे हे बघणं हेच त्याचं काम झालं.

नेटवर्क गेलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. गृहस्थांना "एक मिनिट हं" म्हणून तो दुकानाच्या मागच्या बोळात गेला आणि तिला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बोळात कुणीतरी टाकून दिलेली एक खुर्ची होती, तिचं वेताचं बूड फाटलेलं. त्या फाटलेल्या बुडाकडे बघत त्याने तिसऱ्यांदा लावला. ती पडली असेल. न्हाणीघरात, दाराला आतून कडी, नळ चालू. हे चित्र त्याच्याकडे कायमचं तयार असायचं, नुसतं उलगडायचं. त्याने वसतिगृहाच्या बाईंना फोन केला. ओळख दिली, आवाज ताब्यात ठेवला, पण शेवटी तो चिरकलाच : "जरा तिच्या खोलीत जाऊन बघता का? दार वाजवा. उघडलं नाही तर तोडायला सांगा." मग पुन्हा वाट बघणं. दुकानातून मालकांचा आवाज आला, "अहो, त्यांना अंधारात बसवून ठेवलंय तुम्ही." आणि मग फोन वाजला.

"बाबा, बाईंना कशाला पाठवलंस? अख्ख्या मजल्यावरच्या मुली दारात जमल्यात."

"तुझं दिसत नाहीये मला." जीव एकदम खाली बसल्यामुळे तो हसल्यासारखा बोलला. "काहीतरी बिघडलंय. फोन बंद करून चालू कर बघू."

ती म्हणाली, "बिघडलं नाहीये. मी बंद केलंय."

"चुकून?"

"नाही बाबा. चुकून नाही."

तो परत काळोख्या खोलीत आला. गृहस्थ चौकट सावरत तसेच बसले होते, शिक्षा केलेल्या मुलासारखे. त्याने त्यांची तपासणी पूर्ण केली, नंबर लिहून दिला, वाचताना उजेड डाव्या बाजूने घ्या वगैरे सांगितलं. हात आपापलं काम करत होते. हात असे वर्षानुवर्षं माणसाशिवाय काम करू शकतात, हे त्याला तिच्या दुखण्याच्या पहिल्या दिवसांपासून माहीत होतं. तेव्हा त्याच्या हातांनी संत्र्यावर सुई टोचायला शिकून घेतलं होतं, आणि तो स्वतः कुठेतरी छताजवळ तरंगत ते बघत होता. ती तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. सारखं पाणी पाणी करायची. "उंट आहेस का गं तू?" असं तो तिला म्हणाला होता आणि ती खूप हसली होती, मग उंटासारखी मान करून घरभर फिरली होती. फ्रॉक सैल होत गेला. उंची वाढतेय, असं सगळे म्हणाले. एका सकाळी ती उठेचना. तो तिच्यावर वाकला तर तिच्या श्वासाला पिकलेल्या फळांचा वास येत होता, गोड, दाट. रात्री हिने काय खाल्लं, एवढंच त्याच्या मनात आलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई नंतर त्याला म्हणाल्या, "बरं झालं आणलंत. अजून थोडा उशीर झाला असता तर." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, दुसऱ्या खाटेकडे वळल्या. त्या अर्धवट वाक्यात तो तेव्हा राहायला गेला तो आजतागायत बाहेर आला नव्हता.

मग सुया, चिमटीत धरलेली तिची पोटाची त्वचा, वजनकाट्यावर तोलून वाढलेली ताटली. चकत्या तेव्हा नव्हत्या. बोटाला टोचून थेंब काढावा लागायचा. रात्री तो उठून तिच्या खोलीत जायचा. पहिले काही महिने ती दचकून जागी व्हायची, रडायची. मग सवय झाली. इतकी, की दाराचा आवाज आला की ती झोपेतच पांघरुणातून हात बाहेर काढायची आणि एक बोट पुढे करायची. डोळे मिटलेले, श्वास संथ, आणि ते एक बोट. त्या बोटाकडे बघून त्याचा ऊर भरून यायचा. त्याला वाटायचं, एवढा विश्वास जगात कुणी कुणावर टाकला नसेल. तो विश्वास होता की नुसती झोप होती, हे ठरवायचा प्रसंग तेव्हा आला नाही. मैत्रिणींच्या वाढदिवसाला तो दाराबाहेर थांबायचा. आत गाणी, फुगे फुटल्याचे आवाज, आणि मध्येच ती बाहेर यायची, बोट पुढे करायची, आकडा ऐकायची आणि आत जायची. एकदा आतल्या कुठल्याशा मुलीने विचारलेलं त्याच्या कानावर आलं, "ते काका कोण आहेत बाहेर?" खारू म्हणाली होती, "ते माझे बाबा आहेत, ते असतात." ते असतात. किती दिवस त्याला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता.

घरी पोचला तेव्हा दारात लहान लहान बूट अजून होते. त्याची बायको घरातच पाळणाघर चालवायची. संध्याकाळ झाली की एकेक आई, एकेक बाप येऊन आपापलं मूल घेऊन जायचे. बायको कुणाच्या तरी पायात बूट चढवत होती. मूल दाराबाहेर पडेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "खारूने मला दिसणं बंद केलंय."

"हो," बायको म्हणाली. तिने वर बघितलं नाही. "म्हणाली होती मला."

"तुला? कधी?"

"झाले थोडे दिवस. बाबाला मी सांगते म्हणाली. धीर झाला नसेल."

"आणि तू गप्प बसलीस?"

"अहो, मग काय करायचं होतं?" ती उठून उभी राहिली, हातात कुणाचा तरी एकच मोजा. "ती मोठी झालीय. तिच्या फोनवर घंटा वाजते, तिला कळतं, ती खाते. तुमच्याआधी तिला कळतं."

"आणि झोपेत असली तर? घंटा ऐकूच आली नाही तर? मी डोळे बघतो गं रोज. ह्या दुखण्याने आतून झिरपलेले डोळे बघतो, तिशीतली पोरं असतात, कुणीतरी हात धरून आणलेलं असतं त्यांना. तुला नाही माहीत."

"मला नाही माहीत," बायको शांतपणे म्हणाली. "मला कधी माहीत करून घेऊच दिलं नाही तुम्ही."

तो उद्याच जाणार होता, हे त्याने सांगायच्या आधीच तिने ओळखलं. सकाळी पाण्याची बाटली हातात देताना ती एवढंच म्हणाली, "जा. पण बघायला जा. तपासायला जाऊ नका."

बसमध्ये खिडकीशी बसून तो दर थोड्या वेळाने फोन काढायचा, करडा पडदा बघायचा, आत ठेवायचा. बाहेर गोदामं, पेट्रोलपंप, मोकळी मैदानं मागे पडत होती. त्याच्या मनात वाक्यं जुळत होती. चढा आवाज लावायचा नाही. म्हणायचं, रात्रीपुरतं तरी चालू ठेव. म्हणायचं, मी फोन करणार नाही, निरोप पाठवणार नाही, नुसतं बघेन. ह्यातलं शेवटचं त्याला फार पटण्यासारखं वाटलं. नुसतं बघण्यात कुणाचं काय जातं? भिंतीवरच्या घड्याळाकडे माणूस बघतो, त्याने घड्याळाला काही होतं का?

कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या गर्दीत ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "गाडी लागली नाही ना रे?" असं विचारून तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली. केस मानेपर्यंत कापलेले, पाठीवर दप्तर, डोळ्यांखाली थोडं जागरण. जवळच एक छोटं उपाहारगृह होतं, काचेच्या कपाटात पाव आणि केक मांडलेले. तिने दोघांना कॉफी सांगितली आणि स्वतःला केकचा तुकडा. तो कपातल्या फेसाकडे बघत राहिला. तिने पेनासारखी सुई दप्तरातून काढली, टोकाची चकरी फिरवली, सदऱ्याची कड उचलून टोचली आणि पेन परत ठेवलं. एवढ्या सहज, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मानसुद्धा वळवली नाही. चकरी किती फिरवली हे त्याने ऐकलं होतं. टिकटिक मोजणारे त्याचे कान त्याला बंद करता येत नव्हते. केकच्या मानाने एक कमी, असं तोंडाशी आलेलं त्याने कॉफीबरोबर गिळलं.

"रागावलास?" तिने विचारलं.

"छे. मला फक्त कळत नाही. मी काय जास्त मागतो गं? बाण आडवा आहे एवढं दिसलं की मला पुरतं. तू बरी आहेस एवढंच."

"बाण आडवा असतो तेव्हा मी बरी असतेच असं नाही, बाबा."

ती काट्याने केकच्या कडा एकसारख्या करत होती. तो थांबला. आपण थांबायला फारसे शिकलो नाही, हे त्याला तिथे, त्या थांबण्यात, जाणवलं.

"गेल्या परीक्षेच्या आधी तू एकदा संध्याकाळी फोन केला होतास," ती म्हणाली. "आकडा खूप वर गेला होता. आठवतंय?"

आठवत होतं. रेघ हिरवा पट्टा सोडून कड्यासारखी उभी चढली होती आणि खालीच येत नव्हती. इतकी उंच रेघ त्याने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. त्याने विचारलं होतं, काय खाल्लंस? काही नाही, ती म्हणाली होती. त्याने म्हटलं होतं, खोटं बोलू नकोस, मला समोर दिसतंय. मग ती म्हणाली होती, आइस्क्रीम. त्यावर तो बराच वेळ बोलला होता, डोळ्यांबद्दल, मूत्रपिंडांबद्दल, इतक्या वर्षांच्या मेहनतीबद्दल.

"त्या दिवशी मी काही खाल्लं नव्हतं. सकाळपासून काहीच नाही."

"मग आकडा वर कसा?"

"रडत होते. खूप रडलं तरी चढतं, बाबा. तुला माहीत आहे ते, तूच मला शिकवलं होतंस." तिने काटा खाली ठेवला. "एक मुलगा होता. वर्षभर होता. आणि मग त्या दिवशी नको म्हणाला. झालं. मी जिन्यात बसले होते, वरच्या गच्चीच्या जिन्यात, तिथे कुणी येत नाही. आणि फोन वाजला आणि तुझं नाव दिसलं. मला इतकं बरं वाटलं रे. वाटलं, बाबाला कळलं. इतक्या लांबून कसं काय कोण जाणे, पण बाबाला कळलं." ती किंचित हसली, जुन्या वेडेपणाला हसतात तशी. "आणि तू म्हणालास, काय खाल्लंस."

कपाटाची काच पुसणाऱ्या पोऱ्याने फडका पिळला. रस्त्यावर कुणीतरी मोटार मागे घेत होतं, तिचा चिरका आवाज येत राहिला आणि मग थांबला.

"मग आइस्क्रीम का म्हणालीस?" त्याने विचारलं.

"ते सोपं होतं. त्यावर काय बोलायचं ते तुला येतं."

त्याला काहीतरी करावंसं वाटलं. उठावं, तिच्या डोक्यावर हात ठेवावा, त्या जिन्यात जाऊन बसावं. पण ती संध्याकाळ होऊन गेली होती. त्या संध्याकाळी बोलता बोलता रेघ हळूहळू उतरायला लागली होती हेही त्याला आठवलं, आणि आपल्या बोलण्याचा परिणाम झाला, वेळेवर सुई घेतली तिने, असं समाधान वाटून तो जेवायला बसला होता. तो जेवला होता, ही गोष्ट त्याला सहन होईना.

"रात्रीपुरतं तरी," तो म्हणाला. जुळवून आणलेल्या वाक्यांपैकी एवढंच उरलं होतं.

"रात्री माझ्या खोलीतल्या मुलीला दिसतं. मी तिच्या फोनला जोडून दिलंय. आणीबाणीची सुई तिच्या खणात आहे. कशी द्यायची ते तिला शिकवलंय, संत्र्यावर."

"तिला दिसतं."

"हो."

"आणि मला नाही."

"बाबा, ती विचारत नाही काही." खारूने हात पुढे करून त्याच्या मनगटावर ठेवला. तिच्या बोटांची टोकं अजून चरबरीत होती, लहानपणीच्या टोचण्यांनी घट्टे पडलेली. "ती फक्त बिस्किट पुढे करते आणि परत आपल्या पुस्तकात बघते. मला तेवढंच पाहिजे. तुला ते जमणार नाही. तुझी चूक नाही त्यात. तुला भीती वाटते, आणि मला तुझी भीती दिवसभर दंडावर घेऊन फिरावं लागतं. मला ती उचलत नाही आता."

तो "बरं" म्हणाला. तिने केक संपवला की नाही हे त्याने बघितलं नाही, म्हणजे बघितलं, पण लगेच नजर काढून घेतली. ती बसथांब्यापर्यंत आली. वाटेत ती एका प्राध्यापकाची नक्कल करून दाखवत होती आणि तो हसला, मनापासून हसला, आणि हसताना त्याला कळलं की ह्या प्राध्यापकाबद्दल, कुठल्याच प्राध्यापकाबद्दल, त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. बस सुटताना तिने त्याला मिठी मारली. त्याचा हात तिच्या दंडावर आला आणि बाहीखालची चकती तळव्याला लागली, टणक, कोमट. तपासतोय असं वाटेल म्हणून त्याने हात पटकन काढून घेतला. काढून घेतल्याबरोबर वाटलं, का काढला? पण ती तोवर मागे सरकली होती, हात हलवत होती, आणि बस वळली.

परतीच्या प्रवासात त्याने फोन काढला नाही. त्यात मोठेपणा नव्हता. काढला असता तरी त्यात काही नव्हतं. ती आता काय करत असेल ह्याचा तो अंदाज करायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं की अंदाज करायला त्याच्याजवळ काहीच सामान नाही. रेघ काढून घेतल्यावर मागे उरायला हवी होती ती मुलगी त्याला मनात उभीच करता येईना. गच्चीचा एक जिना तेवढा दिसत होता, न पाहिलेला, आणि त्यात कुणीतरी गुडघ्यांत डोकं घालून बसलेलं. उतरती उन्हं खिडकीतून त्याच्या मांडीवर आली, सरकली, गेली.

पाळणाघर रिकामं झालं होतं. बायको जमिनीवर बसून मुलांची लहान पांघरुणं घड्या करत होती. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि पाणी देऊ का, जेवलात का, असलं काही विचारलं नाही. तो तिच्याजवळ खाली बसला.

"तो मुलगा," तो म्हणाला. "तुला माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळी तिने मला फोन केला होता. तुमचा झाल्यावर."

"काय म्हणालीस तू तिला?"

"काहीच नाही. ती रडत होती, मी ऐकत होते. आत तुम्ही जेवत होतात."

त्याने एक पांघरूण ओढून घेतलं आणि घडी करायला लागला. कडा जुळेनात. दुसऱ्यांदा केली, तिसऱ्यांदा केली. बायकोने ते त्याच्या हातातून काढून घेतलं नाही. इतक्या वर्षांत दोघं असे कामाशिवाय एका जमिनीवर कधी बसले होते, हे त्याला आठवत नव्हतं. घरात तीच एक गोष्ट बोलली जायची, आकडा, आणि आज आकडा नव्हता. भिंतीवर मुलांनी चिकटवलेल्या कागदी पाखरांपैकी एकाचा पंख सुटून हलत होता.

"सांगा ना," बायको म्हणाली. "कशी आहे माझी पोर? मी तिला सुट्टीनंतर बघितलीच नाहीये."

त्याने तोंड उघडलं. आकडा नव्हता, बाण नव्हता.

"केस कापलेत तिने," तो म्हणाला.

"हो? मला नाही बोलली."

"मानेपर्यंत. छान दिसतात." बोलायला सुरुवात झाली होती आणि आता थांबता येत नव्हतं. "मी पोचलो तेव्हा ती फाटकाशी पाठमोरी उभी होती. माझीच वाट बघत असणार. मी तिच्या अगदी शेजारून पुढे गेलो गं. पार पुढे गेलो. मी लांब वेणीवाली पोरगी शोधत होतो."